गोधडीवरचा चित्ता

आपल्या बुलढाणे जिल्ह्यात आजी गेली तरी तिचे जुने लुगडे टाकून देत नाहीत. त्याची गोधडी शिवतात. माणूस जाते, त्याची ऊब नातवंडांच्या अंगावर राहते. शोकाची ही रीत नाहीशा झालेल्या प्राण्यांसाठीही का न योजावी?

भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले. २०२२ साली कुनोच्या अरण्यात चित्ते सोडले, परंतु ते आफ्रिकेतील. येथील गेले ते गेलेच. प्राण्याचे वस्त्र मागे उरत नाही. म्हणून घरातल्याच एखाद्या जुन्या कापडावर रंगीत दोऱ्याने चित्ता काढावा व तो तुकडा गोधडीत शिवावा. मुलाने "हा कोण?" म्हणून विचारले, की सारी हकीकत सांगावी.

मात्र सुई घाईने चालवू नये. १८८४ नंतर खात्रीने न दिसलेला रानपिंगळा संपला, असेच अनेक जण मानीत. १९९७ साली तो शहाद्याजवळ जिवंत आढळला; पुढे आपल्या शेजारच्या मेळघाटातही दिसला. माळढोक राजस्थानात अद्याप थोडा उरला आहे. त्याचे चित्र गोधडीवर काढण्याची पाळी येण्यापूर्वी त्याचे माळरान राखले पाहिजे.