किरणांची पुनर्भेट



आपल्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या पुष्कळांच्या खिशात आजच्या विषयाचे साहित्य आहेच. वाचायचा चष्मा अधिक दोन नंबरचा असेल, तर उद्या दुपारी उजेडाच्या खिडकीसमोरच्या भिंतीपासून अर्ध्या मीटरवर तो धरा आणि किंचित पुढेमागे करा. भिंतीवर खिडकीचे चित्र उमटेल. चिमुकले, रंगीत आणि उलटे! आता भिंगाचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाका. चित्रातली अर्धी खिडकी नाहीशी होईल, असेच कोणीही म्हणेल. पण तसे होत नाही. खिडकी पुरीच्या पुरी राहते. फक्त अंधूक होते.

असे का व्हावे? खिडकीच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेले किरण साऱ्या भिंगावर पसरून पडतात. हवेत सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर धावणारा प्रकाश काचेत २ लाखांवर येतो आणि तिरपा शिरताना व बाहेर पडताना वळतो. बहिर्गोल भिंग कडेच्या किरणांना जास्त वळवते, मधल्यांना जवळजवळ नाहीच. म्हणून एका बिंदूतून पांगलेले किरण पलीकडे पुन्हा एका बिंदूत भेटतात. ही पुनर्भेट म्हणजेच प्रतिमा. अर्धे भिंग झाकले तरी उरलेले किरण त्याच जागी भेटतात, संख्येने कमी एवढेच. अंतर्गोल आरसा हेच काम किरण परतवून करतो.

मात्र पृष्ठभागाचा आकार चुकला की भेट चुकते. १९९० साली अंतराळात सोडलेल्या हबल दुर्बिणीचा मुख्य आरसा २.४ मीटर व्यासाचा. घासूनपुसून अत्यंत गुळगुळीत केलेला. पण कडेला २.२ मायक्रॉनने अधिक सपाट, म्हणजे केसाच्या जाडीचा सुमारे पन्नासावा भाग. एवढ्यानेच कडेचे आणि मधले किरण एका जागी मिळेनात. तारे धूसर दिसू लागले. चौकशीत काय निघाले? आकार तपासणाऱ्या उपकरणातच एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. दुसऱ्या तपासण्यांनी दोष दाखवला होता. पण त्या कमी अचूक, म्हणून त्यांची साक्ष बाजूला ठेवली गेली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन, झालेल्या चुकीच्या नेमकी उलट चूक मुद्दाम घडवलेले छोटे आरसे बसवले. दुर्बिणीला चष्मा लागला आणि तारे स्पष्ट झाले.

हे सारे फार दूरचे वाटेल. पण घरातले मूल फळ्यावरचे शब्द चुकीचे उतरवते, तेव्हा आपण त्याला धांदरट म्हणून मोकळे होतो. कदाचित त्याच्या डोळ्यात किरण पडद्याच्या अलीकडेच भेटत असतील. किरणांना थोडे पांगवणारे अंतर्गोल भिंग दिले, की भेट पडद्यावर होते. मूल आपण होऊन तक्रार करीत नाही. इतरांना जग निराळे दिसते, हे त्याला ठाऊकच नसते. त्याची वही हीदेखील एक साधी तपासणीच आहे. तिची साक्ष बाजूला ठेवू नका. रागावण्याआधी त्याचे डोळे तपासून घ्या, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.