आल्या पावलीं माघारें

श्रोतेहो, घरांतील जमाखर्चाची वही महिनाअखेर जुळली नाहीं, तर आपण काय करितों? शेवटच्या बेरजेपासून एकेक ओळ मागें जातों, आणि जेथें आंकडा बिघडला ती ओळ सांपडली कीं थांबतों. चूक नजरेस येते शेवटीं. घडलेली असते कितीतरी आधीं. संगणकाच्या आज्ञावलींतील दोष शोधणाऱ्याची अडचण हीच असते. मात्र त्याच्या वहींत एका सेकंदांत कोट्यवधि नोंदी होतात, आणि पुष्कळदा जुनी नोंद पुसूनच तिच्या जागीं नवी लिहिली जाते.

हे दोष हुडकण्याचें जें साधन त्यास डीबगर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८६ मध्यें लिहिलेला जीडीबी हा त्यांतील एक फार प्रसिद्ध डीबगर होय. स्मृतीच्या एखाद्या खान्यावर त्याला पहारा बसवितां येतो. ह्या पहाऱ्याचें नांव वॉचपॉइंट. त्या खान्यांत कोणी कांहीं लिहिलें कीं प्रोसेसर डीबगरला वर्दी देतो. इंटेलच्या ८०३८६ ह्या १९८५ च्या प्रोसेसरपासून असे चार पहारे ठेवण्याची सोय प्रोसेसरांतच केलेली आहे. वर्दी आल्यावर डीबगर आपल्या टिपणवहींतील जुनी किंमत आणि खान्यांतील नवी किंमत ताडून पाहतो. दोन्ही एकच असल्या तर तो गप्प राहतो. भिन्न असल्या तर आज्ञावली थांबवून मालकास हांक मारतो.

हा पहारा पुढें जाणाऱ्या काळावर झाला. परंतु चोरी होऊन गेल्यावर बसविलेल्या पहाऱ्याचा उपयोग काय? म्हणून आज्ञावली उलट चालविण्याची कल्पना निघाली. जीडीबीच्या २००९ मधील ७.० ह्या आवृत्तींत ती सोय आली. पुढें २०१४ मध्यें मोझिलाच्या मंडळींनीं आरआर नांवाचें साधन लोकांपुढें ठेविलें.

ही केवळ हौस नव्हे. अमेरिका व कॅनडा येथें १९८५ ते १९८७ ह्या काळांत थेरॅक-२५ ह्या किरणोपचार यंत्रानें सहा रुग्णांवर प्रमाणाबाहेर किरणांचा मारा केला, आणि त्यांतील कांहीं त्यामुळें दगावले. १९८६ मध्यें टेक्सासमधील टायलर येथें असें आढळलें कीं, यंत्र चालविणारी व्यक्ति पडद्यावरील मजकूर फार झपाट्यानें दुरुस्त करी, तेव्हांच दोष प्रकट होई. सावकाश काम केल्यास यंत्र निर्दोष भासे. असे दोष परीक्षकाच्या देखत पुन्हा घडत नाहींत. म्हणून एकदां घडलेला प्रसंग जशाचा तसा नोंदवून ठेवणें आणि त्यांतून माघारें चालत जाणें, ह्याचें मोल मोठें आहे.

आतां हें माघारें जाणें साधतें कसें तें पाहूं. काळ कांहीं खरोखर उलटा फिरत नाहीं. आरआर हें साधन वाटेंत ठिकठिकाणीं आज्ञावलीच्या संपूर्ण स्थितीची प्रत काढून ठेवतें. “मागें चल” असें सांगितलें कीं तें जवळच्या मागील मुक्कामावर उडी घेतें, तेथून नोंदीबरहुकूम पुन्हा पुढें चालतें, आणि वाटेंत पहाऱ्याची शेवटची वर्दी कोठें आली तें ध्यानांत ठेवतें. तोच आपला मागचा थांबा.

ह्या युक्तींत एक सूक्ष्म दोष शिरूं शकतो, आणि तो मोठा मासलेवाईक आहे. समजा, एका खान्यांत प्रारंभापासून १०० हा आंकडा आहे. ४० व्या पायरीवर कोणीतरी तेथें पुन्हा १०० च लिहिलें. म्हणजे बदल कांहींच झाला नाहीं. ७० व्या पायरीवर दुसऱ्या एका आज्ञेनें तेथें शून्य लिहिलें. हीच खरी गुन्हेगार. १०० व्या पायरीवर आज्ञावली कोसळली. ह्या वेळीं टिपणवहींत किंमत आहे शून्य. आपण म्हणालों, “हा आंकडा जेथें बदलला तेथें मागें चल.” डीबगर ६० व्या पायरीच्या मुक्कामावर गेला. स्मृति जुनी झाली, खान्यांत पुन्हा १०० आले. पण टिपणवही मात्र कोणी बदलली नाहीं, तींत भविष्यांतील शून्य तसेंच राहिलें. पुढें चालतांना ७० व्या पायरीवर शून्य लिहिलें गेलें. वहींत शून्य, खान्यांत शून्य. पहारेकरी म्हणाला, “बदल नाहीं,” आणि गुन्हेगार सुटला. मग डीबगर आणखी मागें, पहिल्या पायरीवर गेला. ४० व्या पायरीवर १०० लिहिले गेले, वहींत शून्य, म्हणून पहारेकरी ओरडला, “बदल झाला!” निरपराध आज्ञा पकडली गेली. एकाच गफलतीनें चोर सुटला आणि संन्यासी सुळावर चढला.

उपाय दोन वाक्यांत सांगतां येतो. स्मृति मागें नेली कीं त्याच क्षणीं पहाऱ्याखालील खाना नव्यानें वाचून टिपणवही दुरुस्त करावी. तसें केल्यास वहींत १०० येतात, ७० व्या पायरीवरचें शून्य उघडें पडतें, आणि ४० व्या पायरीची आज्ञा निर्दोष ठरते.

आणखी एक पथ्य आहे. सरळ चालीत वर्दी येते ती लिहून झाल्यावर. उलट चालीत मात्र थांबावयाचें तें लिहिणाऱ्या आज्ञेच्या अलीकडे, म्हणजे ती घडण्यापूर्वीं. येथें ७० वी पायरी चालण्याआधीं. नाहीं तर पुन्हा “मागें चल” म्हणतांच तोच थांबा परत हातीं येईल आणि मनुष्य जागच्या जागीं फिरत राहील.

दुरुस्ती खरी कीं खोटी, हें पाहण्याची कसोटी सोपी आहे. एक चिमुकली आज्ञावली घ्यावी. तींत बदल करणारें लेखन असावें, तसेंच तीच किंमत पुन्हा लिहिणारेंहि असावें. ती सरळ चालवून थांब्यांची यादी करावी, मग उलट चालवून दुसरी करावी. दोन्ही याद्यांत त्याच आज्ञा, फक्त उलट क्रमानें, आल्या पाहिजेत. ज्या परीक्षेंत तीच किंमत पुन्हा लिहिणारें लेखन नाहीं, तिच्यांत निरपराध्यावर आळ येण्याचा धोका कळून येणारच नाहीं.

श्रोतेहो, भूतकाळाचा न्याय करतांना आपणहि पुष्कळदा हेंच करितों. प्रसंग जुना घेतों, पण त्याला आजच्या माहितीचें माप लावतों. जुन्या घटनेकडे जावयाचें तर तिच्या वेळची वही उघडूनच जावें, हा धडा एका यंत्राच्या दुरुस्तींतून मिळाला तरी तो घेण्यासारखा आहे.