कोरड्या मुलखांतील साप

मराठवाड्यांत वाळवंट नाहीं. नांदेडला लागून गोदावरी वाहते, लातूर जिल्ह्यांतून मांजरा आपली वाट काढीत जाते, आणि पावसाळ्यांत दोन्ही जिल्ह्यांतील रानें हिरवीगार असतात. तथापि या मुलखाच्या वांट्याला वर्षाचा मोठा भाग कोरडाच येतो. माघ-फाल्गुनांत ओढे आटूं लागतात, वैशाखांत मुरमाड माळ तव्यासारखे तापतात आणि काळ्या जमिनीला हात हात खोल भेगा पडतात. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या अद्याप स्मरणांत आहे. २०१६ च्या एप्रिल महिन्यांत तर लातूर शहराची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा भूमींत जे साप नांदतात, त्यांतील कांहींचे सगेसोयरे राजस्थानच्या, सिंधच्या आणि थेट अरबस्तानच्या वाळूंत आढळतात. त्यांची राहणी समजून घेणें हा केवळ कुतूहलाचा विषय नव्हे. शेतकऱ्याच्या आणि त्याच्या बायकामुलांच्या जिवाशीं तिचा संबंध आहे.

पाण्याचें दुर्भिक्ष सापाला इतर अनेक प्राण्यांइतकें जाचत नाहीं, याचें कारण त्याच्या शरीराच्या जमाखर्चांत आहे. मनुष्य, बैल किंवा चिमणी यांना अन्नाचा बराच भाग अंगाची ऊब कायम राखण्यांत खर्च करावा लागतो. सापाला तो खर्च नाहीं. तो ऊब उन्हांतून आणि तापलेल्या दगडांतून घेतो. म्हणून एक उंदीर गिळला कीं कित्येक दिवस त्याला दुसऱ्या भक्ष्याची गरज भासत नाहीं. पाण्याचा बराचसा भाग त्याला भक्ष्याच्या शरीरांतूनच मिळतो. खवल्यांच्या त्वचेंतून ओलावा फारसा उडून जात नाहीं. आणि पातळ मूत्राऐवजीं चुन्यासारखा पांढरा घट्ट पदार्थ बाहेर पडत असल्यानें तेथेंहि बचत होते. मात्र या व्यवस्थेला दुसरी बाजू आहे. सापाला घाम येत नाहीं. भर उन्हांत तापल्या जमिनीवर तो फार वेळ अडकला तर मरून जातो. म्हणून उन्हाळ्यांत तो दिवसां भेगांत, वारुळांत, उंदरांच्या बिळांत आणि दगडांच्या ढिगाऱ्यांत दडून असतो व रात्रीं बाहेर पडतो. कोरड्या मुलखांतील सापाचें सारें आयुष्य आडोशाभोंवतीं फिरतें, ही एक गोष्ट ध्यानांत धरली म्हणजे त्याची मनुष्याशीं गांठ कोठें आणि केव्हां पडेल, हें बरेचसें आधींच सांगतां येतें.

या राहणीचा उत्तम नमुना म्हणजे फुरसें. लांबीनें बहुधा हातभर, रंगानें मातकट आणि माथ्यावर बाणाच्या टोंकासारखी खूण असलेला हा विषारी साप अरबस्तानपासून श्रीलंकेपर्यंत पसरलेला आहे. खडकाळ माळ आणि दगडी बांध हें त्याचें घर. डिवचलें असतां फुरसें आपलीं वेटोळीं एकमेकांवर घासतें. कुशींवरील खवले करवतीच्या दात्यांसारखे असल्यामुळें त्यांतून खरखरीत आवाज उठतो. जोरानें श्वास सोडून फूत्कार करण्यांत जो ओलावा खर्ची पडतो, तो या युक्तीनें वांचत असावा, असें कांहीं प्राणिशास्त्रज्ञांचें अनुमान आहे. रत्नागिरीकडे एकोणिसाव्या शतकांत मारलेल्या फुरशामागें सरकारांतून बक्षीस मिळत असे. तरी तेथील कातळावर फुरसें आजहि आहे. आडोसा कायम असतां केवळ मारून सापाचा निकाल लागत नाहीं, हाच त्या प्रयोगाचा धडा होय.

वाळूंत वावरणाऱ्या सापांचा दुसरा वंश म्हणजे मांडूळ. त्याची शेपटी डोक्याइतकीच बोथट असते, आणि संकट आलें कीं तें डोकें वेटोळ्यांत लपवून शेपटी पुढें करतें. यावरूनच त्याला दुतोंड्या हें नांव पडलें आणि सहा महिने एका तोंडानें व सहा महिने दुसऱ्या तोंडानें तें चालतें, ही समजूत रूढ झाली. प्रत्यक्षांत त्याला तोंड एकच, विष मुळींच नाहीं, आणि भक्ष्य मुख्यतः उंदीर. परंतु गुप्तधन दाखविणारा, रोग बरे करणारा प्राणी म्हणून त्याचा चोरटा व्यापार चालतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तो गुन्हा असूनहि महाराष्ट्रांत मांडूळ विकणाऱ्या टोळ्या वरचेवर पकडल्या जातात. मांडुळाचीच बहीण डुरक्या घोणस. आखूड, जाड आणि ठिपकेदार असल्यामुळें तिला खरी घोणस समजून ठार करण्यांत येतें. तिच्या अंगावरील ठिपके वेडेवांकडे असतात. खऱ्या घोणशीच्या पाठीवर सांखळीप्रमाणें तीन ओळींत गोल ठिपके असतात. एवढा भेद ज्याच्या नजरेला ठाऊक, त्याच्या हातून निष्कारण हत्या टळते आणि अनाठायीं धाडसहि टळतें.

लहान सापांच्या युक्त्या तर याहून नवलाच्या. उत्तर अमेरिकेंत, तेथील कोरड्या पश्चिम भागांतहि, गळ्याभोंवतीं पिवळें वलय असलेला एक सडपातळ साप सांपडतो. शत्रूची चाहूल लागली कीं तो शेपटीची गुंडाळी करून तिची लालभडक खालची बाजू वर दाखवितो. महाराष्ट्राच्या कोरड्या भूमींत आढळणारा पोवळा साप जवळजवळ हेंच करतो. बोरूसारखें बारीक अंग, काळें डोकें, शेपटीवर दोन काळीं वलयें; आणि भय वाटलें कीं शेपटी वळवून खालची निळसर बाजू समोर. शत्रूनें डोक्याऐवजीं शेपटीवर झडप घालावी, हा दोघांचाहि हेतु दिसतो. दोन खंडांतील, दोन भिन्न कुळांतील सापांना एकच शहाणपण सुचावें, हें सृष्टीचें कौतुकच होय. पोवळा विषारी वर्गांतील असला तरी दगडाखालीं लपून राहणारा, तोंडानें अगदीं लहान असा हा जीव मनुष्याला सहसा चावत नाहीं.

आतां गांठ पडण्याचा काळ. मृगाच्या सरी कोसळल्या कीं काळी जमीन फुगते, भेगा मिटतात आणि बिळांत पाणी शिरतें. उन्हाळाभर खालीं दडलेले साप एकदम वर येतात. बेडूक आणि उंदीर त्याच वेळीं वाढतात; घोणशीचीं पिलेंहि पावसाळ्याच्या आगेंमागें जन्मतात. आणि नेमक्या याच दिवसांत सोयाबीन, तूर, कापूस यांच्या पेरणीखुरपणीसाठीं मनुष्याचे अनवाणी पाय व उघडे हात रानांत असतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारे १२ लाख माणसें दगावलीं, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणींत करण्यांत आला. त्यांतील निम्मे मृत्यु जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. सापाची आणि शेतकऱ्याची वेळ एक होते, त्याचा हा परिणाम.

नाग, घोणस, फुरसें आणि मण्यार या चौघांकडे बहुतेक मृत्यूंचा दोष जातो. त्यांपैकीं मण्यार घरांत येतो. लातूरकडील जुनीं माळवदाचीं घरें दगडमातीच्या जाड भिंतींचीं. सांधे मोकळे झाले कीं उंदीर शिरतात आणि उंदरांमागें साप. काळ्या चकचकीत अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला मण्यार रात्रीं फिरतो आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेंतच दंश करतो. वेदना फारशी होत नाहीं, खूणहि दिसेल न दिसेल अशी. पहांटे पोटांत कळा येतात, पापण्या मिटूं लागतात, घास गिळवत नाहीं. आणि घरच्यांना वाटतें कीं रात्रीचें अन्न बाधलें. हा गैरसमज प्राणघातक ठरतो. त्याच्यासारखाच दिसणारा कवड्या मात्र निरुपद्रवी. त्याचे पट्टे मानेकडे ठळक व शेपटीकडे पुसट होत जातात, मण्याराचे शेपटीपर्यंत स्पष्ट असतात. पण ही परीक्षा दुरून करावयाची. दंश झाल्यावर साप शोधीत बसण्यांत वेळ दवडूं नये.

दंशावर खरें औषध एकच, तें म्हणजे प्रतिविष. घोड्याला सापाचें विष अल्प प्रमाणांत टोंचून त्याच्या रक्तांत जें विरोधी द्रव्य उत्पन्न होतें, त्यापासून तें तयार करतात. प्लेगवरील संशोधनासाठीं १८९९ मध्यें मुंबईस परळ येथें जी प्रयोगशाळा निघाली, तीच पुढें हाफकिन संस्था म्हणून नांवारूपाला आली आणि महाराष्ट्रांत प्रतिविषाच्या निर्मितीशीं तिचें नांव जोडलें गेलें. भारतांतील प्रतिविष वरील चारहि सापांवर चालतें. म्हणून साप मारून दवाखान्यांत नेण्याचें कारण उरत नाहीं. फुरशाच्या व घोणशीच्या विषानें रक्त गोठेनासें होतें. कोरड्या कांचेच्या नळींत रक्त घेऊन तें २० मिनिटांत गोठतें कीं नाहीं, एवढ्या साध्या कसोटीवरून डॉक्टर निदान करतात. मण्याराच्या व नागाच्या विषानें श्वास बंद पडूं शकतो. तेव्हां यंत्रानें श्वास चालू ठेवावा लागतो. हें काम मांत्रिकाच्या ओसरीवर होणारें नव्हे.

मग मांत्रिकाकडील इतकीं माणसें बरीं कशीं होतात? उत्तर सोपें आहे. रानांतील बहुसंख्य साप बिनविषारी असतात आणि विषारी सापहि प्रत्येक वेळीं विष सोडतोच असें नाहीं. जो मुळांतच मरणार नव्हता, त्याच्या वांचण्याचें श्रेय मंत्राला मिळतें. आणि ज्याला खरोखर विष भिनलें, त्याचे मोलाचे तास मात्र तेथें वायां जातात. जखम कापणें, चोखणें, करकचून दोरी आवळणें यांनीं अपायच होतो. दंश झालेला अवयव फळीला बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या व बांगड्या काढाव्या, रोग्याला चालूं न देतां थेट रुग्णालय गांठावें. किनवट किंवा देगलूरच्या दूरच्या वाडीवरून नांदेडपर्यंतचें अंतर लहान नाहीं. म्हणून प्रतिविष जवळ कोठें मिळतें, याची चौकशी पेरणीपूर्वींच झालेली बरी.

श्रावण शुद्ध पंचमीला नागपूजा होते. त्या दिवशीं नांगर धरूं नये, जमीन खणूं नये असा रिवाज आहे. साप दूध पीत नाहीं, हें खरें. पण ऐन पावसाळ्यांत, जेव्हां साप जमिनीच्या वर असतो, तेव्हां मातींत हात घालण्यापूर्वीं थांबावें, एवढें शहाणपण त्या रिवाजांत आहे. तेंच आषाढापासून आश्विनापर्यंत रोज पाळतां येतें: रानांत पायांत बूट, गवतांत हात घालण्यापूर्वीं काठी, अंधारांत बत्ती, रात्रीं खाट आणि कडा नीट खोंचलेली मच्छरदाणी. आणि बांधावरून धामण गेली तर तिला जाऊं द्यावें. ज्वारीच्या कणगीकडे निघालेले उंदीर तिच्याच वाट्याचे आहेत.