चांदनी चौकातील पाहुणा

दिल्लीच्या लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंत गेलेला चांदनी चौक शहाजहानची कन्या जहाँआरा हिने १६५० च्या सुमारास आखविला. तेव्हा मधोमध कालवा वाहत असे; चौकातील हौदात चांदणे उतरे, म्हणून हे नाव पडले असे म्हणतात.

आज तेथे प्रवाशास प्रथम गाठतो तो न बोलावता आलेला वाटाड्या. अमुक वास्तू बंद आहे, त्यापेक्षा ओळखीच्या दुकानी चलावे, असे तो सुचवितो. त्या दुकानच्या किमतीत त्याची दलाली मिळविलेली असते. म्हणून वास्तूच्या दारापर्यंत स्वतः जाऊन खात्री करावी. लाल किल्ला सोमवारी बंद असतो, बहुतेक दुकाने रविवारी. सायकलरिक्षाचे भाडे माणशी की फेरीचे, हे बसण्यापूर्वीच ठरवावे. दरीब्यात चांदी घेताना शुद्धतेचा छाप पाहून पक्की पावती मागावी.

तथापि याहून मोठी फसगत वेगळीच आहे. खिसा सांभाळण्याच्या धास्तीने जो मान वर करीत नाही, तो सारेच गमावतो. १६७५ मध्ये गुरू तेगबहादुरांचा शिरच्छेद झाला, तेथे शीशगंज गुरुद्वारा उभा आहे. शेजारच्या सुनहरी मशिदीतून १७३९ मध्ये नादिरशहाने दिल्लीची कत्तल पाहिली. गौरीशंकर मंदिर तर आपा गंगाधर या मराठा सरदाराने बांधले असे सांगतात.

व्यवहार आधी चोख ठरला की रिक्षावाल्याविषयी संशय उरत नाही; आणि निःशंक मनालाच हा रस्ता दिसतो.