लग्नाची गाठ आणि परवान्याची मुदत



जन्मभर कामगारांची गाऱ्हाणी ऐकणाऱ्याने या व्याख्यानमालेत लग्नावर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. आम्ही वकील नव्हे. शाळाही अर्ध्यावरच सुटलेली. पण कलमे वाचायची सवय संघटनेने लावली. ग्रॅच्युइटीचे काम घेऊन कचेरीत येणारी माणसे हल्ली जाता जाता हळूच विचारतात, "मुलगा अमेरिकेत आहे. तिथली नागरिक असलेल्या मुलीशी लग्न करतो म्हणतो. आता त्याचे पक्के झाले ना?"

लग्नाने पक्के होत नाही. लग्नाने अर्ज करण्याचा रस्ता उघडतो, इतकेच.

आधी त्या मुलाची स्थिती पाहा. एच-१बी व्हिसावर गेलेल्याचा मुक्काम नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की दुसरा मालक शोधायला फार तर ६० दिवस. कायम वास्तव्याचे ग्रीन कार्ड नोकरीच्या वाटेने मागावे, तर कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक जागा नाहीत, आणि भारतीयांची रांग वर्षानुवर्षे हलत नाही. ज्याचे राहणेच मालकाच्या मर्जीवर, तो पगारवाढ काय मागणार? मालकालाही हे पुरते ठाऊक असते.

नागरिकाच्या पती-पत्नीला मात्र ही रांग नाही. म्हणून लग्न म्हणजे सुटका, असे वाटते. पण दोरी सुटत नाही, ती मालकाच्या हातून जोडीदाराच्या हाती जाते. नागरिक जोडीदाराने अर्ज केल्यावाचून कागद हलत नाही. १९८६ च्या कायद्याने आणखी एक गाठ मारली. कार्ड मिळते त्या दिवशी लग्नाला २ वर्षे झालेली नसतील, तर कार्डही २ वर्षांचेच, सशर्त. ते संपण्यापूर्वीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून अर्ज करून ती अट काढून घ्यायची. अर्ज राहिला तर वास्तव्याचा हक्कच जातो.

खोटी लग्ने रोखण्यासाठी हे केले, हे खरे. खोटे लग्न सिद्ध झाले तर पुढे खऱ्या लग्नावरही कार्ड मिळत नाही, आणि ५ वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. तेव्हा पैसे घेऊन लग्न जुळवून देणाऱ्या दलालाला दारातूनच परत पाठवा.

पण लग्न खरे आणि संसार वाईट निघाला, तर? "सही करणार नाही, मग जा आपल्या देशी," ही धमकी आम्हाला ओळखीची वाटते. गिरणीच्या फाटकावर वेगळ्या शब्दांत ती आम्ही ऐकली आहे. इथे कायद्याने वाट ठेवली आहे, आणि ती मुलींना माहीत नसते. लग्न मनापासून केले होते आणि पुढे घटस्फोट झाला, किंवा मारहाण झाली, तर अट काढण्याचा अर्ज एकट्याने करता येतो. १९९४ च्या कायद्याने छळ सोसणाऱ्याला मूळ अर्जही स्वतःच करता येतो, नवऱ्याच्या सहीवाचून, आणि त्याला न कळता. हाच हक्क छळ सोसणाऱ्या पुरुषालाही आहे.

मात्र लग्न खरे होते, हे कागदांनी दाखवावे लागते: दोघांच्या नावाचा घरभाड्याचा करार, बँकेतले सामाईक खाते, विमा, फोटो. आपल्याकडे घरभाड्याच्या करारावर बायकोचे नाव कोण घालतो? तिकडे घातलेच पाहिजे.

कायद्याने लग्नात हात घालण्याची ही रीत जुनी आहे. १९०७ च्या कायद्याने परकीयाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे स्वतःचेच नागरिकत्व जाई. १९२२ मध्ये ते बरेचसे थांबले; पण नवरा नागरिक होण्यास अपात्र असेल तर जुनी शिक्षा कायम राहिली. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसाला अपात्र ठरवले, आणि तारकनाथ दास यांच्या पत्नी मेरी दास आपल्याच देशात परक्या झाल्या. ती अट १९३१ साली उठली.

आता व्हिसाची जात. फिरायला म्हणून जायचे आणि लग्न करून राहायचे, असा बेत मनात धरून विमानात बसणे म्हणजे अधिकाऱ्याशी खोटे बोलणे होय. त्याने दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. प्रवेशापासून ९० दिवसांच्या आत असे लग्न करून तिथेच राहिल्यास हेतूविषयी संशय घ्यावा, असे तिथल्या परराष्ट्र खात्याने २०१७ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना सांगितले. विद्यार्थी व्हिसालाही परत जाण्याचा हेतू लागतो. एच-१बीवाल्याला मात्र कायम राहण्याची इच्छा मनात ठेवण्याची मुभा आहे.

याचा चटका कुठे बसतो, पाहा. कार्डाचा अर्ज चालू आहे, आणि साताऱ्यात आई अत्यवस्थ. विद्यार्थिनी मुलगी आगाऊ प्रवासपरवाना न काढता निघाली, तर अर्ज सोडून दिला असे धरतात. एच-१बी चालू असलेल्याला त्याच नोकरीवर परतायचे असेल, तर या परवान्याची गरज पडत नाही. तेव्हा आईबापांनो, "ताबडतोब ये" असे फोनवर म्हणण्याआधी, परवाना काढला आहे का, हे विचारा. न काढला असेल तर तिने तिथला वकील गाठावा. तातडीची मागणी करता येते.

शेवटी, ज्यांचा मुलगा तिकडे नागरिक झाला आहे आणि विद्यार्थी व्हिसावरच्या मराठी मुलीशी लग्न ठरवतो आहे, त्यांच्यासाठी. पत्नीच्या पोषणाची हमी त्याला सहीनिशी सरकारला द्यावी लागते. घटस्फोटाने ती हमी सुटत नाही. ती नागरिक होईपर्यंत, किंवा साधारण १० वर्षांच्या कामाची नोंद तिच्या खाती पडेपर्यंत, अथवा ती तो देश कायमचा सोडीपर्यंत, ती चालू राहते. आणि त्या कागदाच्या जोरावर तिला त्याच्यावर दावाही लावता येतो.