धीर देणारी एक तरी हवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला "विश्वासात वाढ कशी होते व धीर कोठून मिळतो" हा विषय दिला आहे. उपदेश करणे हे पाळकसाहेबांचे काम. घरसंसार करता करता एका बाईला जे पटले, तेवढेच मी आपणापुढे ठेवणार आहे.

पुष्कळ जणींना असे वाटते की, एकदा बाप्तिस्मा झाला, मंडळीच्या वहीत नाव लागले, म्हणजे विश्वास घरात आला. आता तो फडताळातल्या डब्यासारखा जागच्या जागी राहील. पण प्रभूने विश्वासाला उपमा दिली ती मोहरीच्या दाण्याची. दाणा डब्यात ठेवला तर काही दिवसांनी किडतो. मातीत पडला, पाणी मिळाले, तरच वाढतो. आणि वाढायला वेळ लागतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण घ्या. त्या केवढ्या विद्वान! 1878 साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना मान दिला. 1883 साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यांनी पुढे आपली साक्ष लिहिली तीत म्हटले आहे की, त्या वेळी मला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता; तो त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी मिळाला. बायांनो, एवढ्या मोठ्या बाईला आठ वर्षे लागली! मग आपले मन एखादे वेळी कोरडे पडले, प्रार्थनेत शब्द सुचला नाही, तर "माझा विश्वासच खोटा" असे म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही.

दुसरे उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचे. रेव्हरंड टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. काही वर्षे नवराबायको दूर राहिली. पुढे एकत्र आली तरी बाईंचे सोवळेओवळे चालूच होते. ते हळूहळू सुटले आणि 1900 साली त्यांनी स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षे कोणी वाया गेली म्हणेल काय? मुळे त्याच काळात खाली जात होती. म्हणूनच 1919 साली टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' पुरे करण्याचे बळ, शाळेची पायरी न चढलेल्या या बाईंना आले.

आता धीर कोठून मिळतो ते पाहू. धीर देवापासून मिळतो हे खरेच. पण तो बहुधा माणसाच्या हाती पाठवतो. देवदूताचा निरोप आल्यावर मरीया काय करती झाली? ती एकटी घरात बसून राहिली नाही. ती डोंगराळ प्रदेशात अलीशिबेकडे गेली आणि सुमारे तीन महिने तिच्याजवळ राहिली. एक म्हातारी, एक तरुण; दोघींची अवस्था लोकांना न समजणारी. अलीशिबेने तिला दारातच आशीर्वाद दिला, आणि त्यानंतर मरीयेच्या मुखातून स्तुती निघाली. आधी धीर, मग गाणे, असा हा क्रम आहे.

तसाच बर्णबा. कुप्र बेटातल्या या माणसाचे खरे नाव योसेफ. पण दुसऱ्यांस धीर देण्याचा त्याचा स्वभाव पाहून प्रेषितांनी त्याचे नावच बदलले. शौलाला सर्व शिष्य भीत होते तेव्हा बर्णबा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांकडे घेऊन गेला. पुढे तरुण मार्क प्रवासातून अर्ध्यावर परत फिरला, म्हणून पौल त्याला पुन्हा बरोबर नेण्यास तयार होईना. बर्णबाने त्याला जवळ घेतले. मग शेवटी काय झाले? पौलानेच म्हातारपणी तीमथ्याला लिहून मार्काला बोलावून घेतले. बर्णबाने हात सोडला असता तर मार्काचे काय झाले असते?

आता एक घरची गोष्ट. माझी धाकटी मुलगी चार वर्षांची होऊन तापाने गेली. तेव्हा पुष्कळ जणी समाचाराला आल्या. "देवाची इच्छा", "देवाला फुले आवडतात", असे सांगून गेल्या. त्यांचा हेतू चांगला होता, पण ते शब्द माझ्या कानात शिरत नव्हते. पवित्र शास्त्र उघडावेसे वाटत नव्हते. आमच्या आळीत एक म्हाताऱ्या बाई होत्या. त्या रोज दुपारी येत, माझ्या पुढ्यातले सूप ओढून तांदूळ निवडू लागत आणि जाताना एक स्तोत्र वाचून दाखवत. त्यांनी मला एकदाही "रडू नको" म्हटले नाही. सुमारे दीड महिन्याने एके दिवशी त्यांना ताप आला म्हणून त्या आल्या नाहीत. तेव्हा मी पेज घेऊन त्यांच्या घरी गेले, आणि त्यांनी सांगितल्यावरून त्या दिवशीचे स्तोत्र मी वाचले. वाचता वाचता मला कळले की, मी वाचते आहे ते माझ्यासाठीही आहे. धीर घेणारी बाई दुसरीला धीर देऊ लागली की, तिचा विश्वास वाढू लागतो.

स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रे आहेत. त्यांतली कितीतरी आक्रोशाची आहेत. "देवा, तू कोठे आहेस?" असे विचारणाऱ्या माणसालाही शास्त्रात जागा आहे, तर मग आपल्या मंडळात का नसावी?

हे मी मुद्दाम बोलते. आपल्या सभेला कोणी तीन-चार वेळा आली नाही की, आपण हजेरीच्या वहीत फुली मारतो. ती का आली नाही? कोणाचा नवरा दारू पितो, कोणाचा मुलगा घर सोडून गेला, कोणाला घरी बोलणी खावी लागतात. लोक काय म्हणतील या लाजेने ती येत नाही, आणि जिला धीराची सर्वांत जास्त गरज तीच दूर राहते. आपली गाणी छान झाली, चहाफराळ चांगला झाला, आणि एक बहीण आतून विझून गेली, तर मंडळाचा वर्धापनदिन आपण कोणत्या तोंडाने साजरा करावा?

म्हणून माझी तीन मागणी आहेत. पहिली, पुढल्या सभेपूर्वी प्रत्येकीने न येणाऱ्या एका तरी बहिणीच्या घरी जावे. दुसरी, तेथे जाऊन उपदेश करू नये. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने जमिनीवर बसले, तोवर ठीक होते; बोलू लागल्यावर त्यांनी त्याचे दुःख वाढवले. हाताला काम घ्यावे, कान उघडे ठेवावे. तिने सांगितलेले मात्र तिसऱ्या घरी जाऊ नये. तिसरी, साक्षीच्या वेळी "सर्व ठीक आहे" एवढेच न म्हणता, "माझे मन सुकले आहे, माझ्यासाठी प्रार्थना करा" असे म्हणण्याची मोकळीक आपण एकमेकींना द्यावी.

एवढे केले तर विश्वास वाढवण्यासाठी निराळी खटपट करावी लागणार नाही. दाण्याला माती मिळेल; वाढवणारा देव समर्थ आहे.

 प्रभू आपल्या मंडळाला आशीर्वाद देवो.