भारी धान आणि निवड चाचणी



शालेय कबड्डीच्या तालुका स्पर्धांचे दिवस आहेत. धानाची निंदणी उरकत आली आहे, पोरं पुन्हा शाळेच्या मैदानावर दिसायला लागली आहेत. दिवाळी झाली की गावजत्रा, म्हणजे आपल्या मंडया, भरतील, गावोगावी वजनगटांचे सामने लागतील, आणि या साऱ्याच्या मागेपुढे कधीतरी भंडारा जिल्ह्याचा किशोर संघ, कुमार संघ निवडायची चाचणी होईल. मला या दहा मिनिटांत त्या चाचणीबद्दलच बोलायचं आहे. कबड्डीच्या इतिहासाबद्दल, कबड्डीमहर्षी बुवा साळवींबद्दल, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं बर्लिनला जाऊन दाखवलेल्या खेळाबद्दल दर वर्षी १५ जुलैला, कबड्डी दिनाला, पुष्कळ बोललं जातं. ते बोलावंच. पण जिल्ह्याच्या किशोर संघात कोण जातं आणि कोण संध्याकाळच्या एसटीनं घरी परततं, यावर माईकसमोर फारसं कुणी बोलत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण लोक ते ऐकतात, मान डोलावतात आणि विसरतात. चाचणीत आपण मुलाचा खेळ बघतोय असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा आपण त्याचा जन्ममहिना बघत असतो.

शालेय स्पर्धेत १४ वर्षांखालचा गट १ जानेवारी या तारखेवर ठरतो. १० जानेवारीला जन्मलेला आणि त्याच वर्षी २० डिसेंबरला जन्मलेला, दोघे एकाच गटात. कागदावर बरोबरीचे. मैदानावर दोघांमध्ये अकरा महिन्यांचं अंतर. तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे किती, हे घरातल्या आईला विचारा. मागच्या पोळ्याला शिवलेली पँट या पोळ्याला घोट्याच्या वर कशी गेली ते ती दाखवील. त्यात आणखी एक भर. जन्मतारीख एक असली तरी एकाला बाराव्या वर्षी मिसरूड फुटते आणि दुसऱ्याचा आवाज पंधराव्या वर्षापर्यंत फुटत नाही. असे दोघे समोरासमोर आले, मोठ्यानं लहान्याला मांडीत धरलं आणि खाली आणलं, की खुर्चीवर बसलेले आपण वहीत लिहितो: पकड उत्तम. आणि दुसऱ्याच्या नावापुढे: ताकद कमी.

अहो, ताकद कमी नाही, अजून यायची आहे.

आपण धानाच्या मुलखातली माणसं आहोत, तेव्हा धानावरूनच सांगतो. आपल्याकडे हलका धान आणि भारी धान शेजारशेजारच्या बांध्यांत उभा असतो. रोवणी बहुधा त्याच पंधरवड्यातली. दसऱ्याच्या सुमाराला हलका धान निसवून पिवळा पडायला लागतो, दिवाळीच्या आगेमागे विळ्याखाली येतो. भारी धान तेव्हा हिरवागार उभा. त्या दिवशी बाहेरगावचा पाहुणा बांधावर आला, तर तो म्हणेल, ही बांधी बसली वाटतं. लाखनीचा किंवा पवनीचा शेतकरी असं म्हणेल का? त्याला ठाऊक असतं की भारी धानाला महिनाभर जास्त लागतो, आणि पाणीही जास्त लागतं. म्हणून तो खोलगट बांधी बघतो, तळ्याखालची जागा बघतो, शेवटचं पाणी त्याच्यासाठी राखून ठेवतो. दसऱ्याला पिवळा दिसला नाही म्हणून भारी धानाचं पाणी तोडणारा शेतकरी मी तरी जिल्ह्यात पाहिलेला नाही.

मुलांचं पाणी मात्र आपण दसऱ्यालाच तोडतो. कारण निवड म्हणजे पाणीच आहे, श्रोतेहो. निवडलेल्या १२ पोरांना शिबिर मिळतं, चांगला प्रशिक्षक मिळतो, मॅट मिळते, नागपूरला जाऊन दुसऱ्या जिल्ह्यांच्या पोरांशी खेळायला मिळतं. उरलेल्यांना काय मिळतं? दोन वर्षांनी आपणच म्हणतो, बघा, आम्ही निवडलेली पोरं किती पुढे गेली. पाणी ज्या बांधीत सोडलं ती बांधी पिकणारच. आणि न निवडलेला पोरगा तोवर कबड्डी सोडून गेलेला असतो. तो निवडीच्या चुकीचा पुरावा म्हणून आपल्यासमोर कधी येत नाही.

हे काही मी एकट्यानं काढलेलं नाही. कॅनडात रॉजर बार्न्सली नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८५ साली आईस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या. तिथंही वयोगट १ जानेवारीलाच तुटतो. वरच्या संघांमध्ये जानेवारी ते मार्चमध्ये जन्मलेले भरपूर, आणि ऑक्टोबर ते डिसेंबरवाले मोजकेच. तिथल्या आया वर्षाच्या शेवटी कमी गुणी मुलांना जन्म देतात असं थोडंच आहे! नंतर फुटबॉलमध्ये, इतर खेळांमध्ये, देशोदेशी हेच दिसून आलं. आपल्या जिल्ह्यात ही मोजणी करायला मोठा शास्त्रज्ञ लागत नाही. जुन्या संघांच्या याद्या आणि जन्मदाखले घेऊन एक शिक्षक दोन दुपारी बसला तरी पुरे.

आता कुणी म्हणेल, सर, कबड्डीला वजनाची मर्यादा आहे की. आहे. किशोर गटाला १६ वर्षं आणि वजन, कुमार गटाला २० वर्षं आणि वजन. ही मर्यादा चांगलीच आहे, तिनं फार मोठ्या अंगाच्या पोरांना अडवलं. पण मर्यादेच्या काट्यावर कोण बसतं? सोळा पुरे व्हायला दोन महिने उरलेला, हाडं पक्की झालेला पोरगा, जो चाचणीआधी दोन दिवस पोटाला चिमटा घेऊन, स्वेटर घालून पळून वजन उतरवतो. (हे उपाशी ठेवणं वेगळंच पाप आहे, पालकांनी ते चालू देऊ नये.) त्याच्यासमोर चौदा वर्षांचा, काट्याला दहा किलो शिल्लक असलेला पोरगा उभा. वजनाच्या नियमानं त्या दोघांतला अन्याय कमी होतो, मिटत नाही.

आणि यात हलक्या धानाचंही नुकसान आहे, ते ऐका. जो पोरगा तेराव्या वर्षी अंगानं पुढे गेला, तो नुसत्या जोरावर जिंकतो. त्याला घोट्याची पकड शिकायची गरज पडत नाही, पायाची चाल शिकायची गरज पडत नाही. सतराव्या वर्षी बाकीचे अंगानं त्याच्याबरोबर येतात, आणि त्याच्या हातात काहीच उरत नाही. पिकलेला हलका धान वेळेवर कापला नाही तर दाणे बांधीत झडतात, तसं त्याचं होतं. म्हणजे घाईची निवड दोघांनाही बुडवते.

चाचणीचा दिवस जरा जवळून बघू. सकाळी नऊची वेळ. लाखांदूर तालुक्यातल्या गावातून निघालेला पोरगा अंधारात उठलेला असतो. तुमसरकडे नाकाडोंगरीच्या पलीकडून येणाऱ्याचं तेच. बस मिळाली तर ठीक. भंडाऱ्यात पोहोचला की रांग, आधार कार्ड, जन्मदाखला, वजन. मग अनोळखी सात जणांमध्ये उभा. पंधरा-वीस मिनिटांचा डाव. चढाईवाल्याचं बरं असतं, त्याला तीस सेकंद स्वतःचे मिळतात, सगळे डोळे त्याच्यावर. पण डाव्या कोपऱ्यावर उभा असलेल्या पोराचं काय? त्याच्या बाजूला चढाई आलीच नाही तर त्यानं दाखवावं काय? आणि आली, तर त्यानं घोटा धरल्यावर शेजारच्यानं वेळेवर साखळी आवळायला हवी. ती साखळी एका गावात, एका मैदानावर वर्षभर खेळून बसते. अनोळखी शेजाऱ्याबरोबर ती पंधरा मिनिटांत बसत नाही. म्हणून ज्या मंडळाची चार-पाच पोरं एका बाजूला पडतात ती चमकतात, आणि एकटा आलेला दूरच्या गावचा पकडवाला कोऱ्या हातानं परततो. २०१४ पासून टीव्हीवर प्रो कबड्डी आली, तेव्हापासून तर सगळ्यांनाच चढाईवाला व्हायचंय आणि बघणाऱ्यांनाही चढाईच दिसते. संघ पकडीवर जिंकतो हे सांगायला मला वेळ नाही, जाणकारांना ते माहीत आहे.

मुलींचं तर याहून अवघड. घरून एक माणूस सोबत यायला लागतो, त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि संध्याकाळची शेवटची बस चुकली तर घरात जे ऐकावं लागतं त्यानं पुढच्या वर्षी ती मुलगी येतच नाही. मुलींच्या निवडीत अनुभवी बाई खेळाडू बसलेली असावी, हे मला दर वेळी सांगावं लागू नये.

तर मग करायचं काय? एका दिवसाची, एका जागेची चाचणी बंद करा, एवढं तरी करा. जिल्ह्यात सात तालुके आहेत. निवड करणाऱ्या तिघांनी तुमसरला जावं, साकोलीला जावं, पवनी-लाखांदूरकडे जावं. मंडईतल्या सामन्यांना जावं, तिथं पोरगा आपल्या साखळीत, आपल्या मातीवर, आपल्या लोकांपुढे खेळतो. त्याचा खरा खेळ तिथं दिसतो. तीन ठिकाणी बघून मग नावं घ्या. खर्च येईल, मान्य. पंचवीस पोरांना भंडाऱ्याला बोलावण्यापेक्षा तीन माणसांनी मोटारसायकलवर फिरणं महाग नाही.

दुसरं, ज्याच्या मंडळाची, शाळेची किंवा घरची पोरं मैदानात आहेत, त्यानं तेवढा वेळ वही दुसऱ्याच्या हातात द्यावी. माणूस प्रामाणिक असला तरी द्यावी. नाव न आलेल्या पोराच्या बापाला शंका घ्यायला जागा राहू नये, एवढ्यासाठी. जिल्ह्याच्या संघातून विदर्भाच्या संघात, तिथून राष्ट्रीय स्पर्धेत, असा रस्ता आहे; पुढे दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आहेत, सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के राखीव जागा आहेत. धानाच्या दीड एकरावर जगणाऱ्या घराला या रस्त्याची किंमत फार मोठी असते. तिथं शंकेचं बी पडू देऊ नका.

असं दुसरीकडेही होतं. आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉल नावाचा त्यांचा देशी खेळ आहे. १८८४ पासून त्याची संघटना आहे. मोठे मोठे खेळाडू आजही मानधनाशिवाय, आपल्या गावच्या क्लबासाठी आणि आपल्या परगण्यासाठी खेळतात. आपल्या मंडळांसारखंच. तिथंही परगण्याच्या कुमार संघात कुणाला घेतलं, कुणाला सोडलं यावरून घराघरांत बोललं जातं. म्हणजे हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. पण औषधंही निघाली आहेत. बेल्जियमच्या फुटबॉल संघटनेनं उशिरा वाढणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय पातळीवर वेगळा संघच ठेवला. त्यांना भारी धान कळला, श्रोतेहो! आपण धान पिकवतो आणि आपल्यालाच कळू नये? जिल्ह्याच्या बाराबरोबर आणखी बारा नावं लिहा, वर्षाच्या शेवटी जन्मलेली, अंगानं मागे असलेली, पण पाय हलके आणि नजर तेज असलेली. त्यांना शिबिराला बोलवा. खेळवू नका हवं तर, पण पाणी तोडू नका.

आणि न घेतलेल्या पोराला कारण सांगा. फलकावर यादी लावून निघून जाऊ नका. तो यादी तीनदा वाचतो, खालून वर वाचतो, आपलं नाव नाही याची खात्री करतो आणि मान खाली घालून बाहेर पडतो. त्याला बोलावून दोन वाक्यं सांगा: तुझा घोटा चांगला आहे, उंची यायची आहे, पुढच्या वर्षी ये. ही दोन वाक्यं त्याला वर्षभर मैदानावर ठेवतील. कारण ऐकून तो रडेल कदाचित. रडू द्या. न सांगता सोडलात तर तो खेळ सोडेल.

मला माती आणि मॅट यांच्याबद्दलही बोलायचं होतं. गावात अनवाणी, मातीवर खेळलेला पोरगा पहिल्यांदा मॅटवर येतो तो चाचणीच्या दिवशीच, कुणाचे तरी मागून आणलेले बूट घालून, आणि त्याचा पाय तिथं... असो, निवेदक घड्याळ दाखवताहेत, ते पुन्हा कधीतरी.

जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना एवढीच विनंती. या वर्षी मुलांची यादी पाठवाल तेव्हा नाव, वजन, शाळा यांच्यापुढे जन्ममहिन्याचा एक रकाना आखा. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरवाल्यांच्या नावाभोवती लाल पेन्सिलीनं गोल करा. आणि चाचणी सुरू व्हायच्या आधी ती यादी निवड करणाऱ्यांच्या हातात द्या, नंतर नको.